पाच लेकरं, चार वारस

आजोबांच्या माघारी तिसऱ्या वर्षी आमच्या घरची वाटणी झाली, तेव्हा मी बारा वर्षांची होते. ओसरीवर सतरंजी अंथरली होती, गावातले दोन जाणते पंच म्हणून बसले होते. जमीन सरसनिरस मानाने आधीच मोजून झाली होती. विहिरीकडचं काळं रान ज्याला येईल त्याला थोडं कमी, माळाकडचं मुरमाड येईल त्याला थोडं जास्त. चिठ्ठ्या माझ्या सहा वर्षांच्या चुलतभावाने उचलल्या. भांड्यांवरून बोलाचाली झाली, एका काकूने डोळ्याला पदर लावला. मग बैलांची पाळी आली. बैल चार, भाऊ तिघे. पंच हिशेब मांडायला लागले तेवढ्यात थोरले काका म्हणाले, "जोडी फोडायची नाही. मला बैल नकोत. गाय द्या, वरचं रोखीनं भागवा." त्यावर कुणी काही बोललं नाही. वर्षानुवर्षं एका जुवाखाली चाललेला बैल दुसऱ्याशेजारी नीट चालत नाही, वैरणीला तोंड लावत नाही, रात्रभर हंबरतो. शेतकऱ्याच्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही.

ती ओसरी मी विसरून गेले होते. मेरिलंडमध्ये राहायला आल्यावर ती परत आठवली.

इथे बे ब्रिज ओलांडला की चेसापीक उपसागराच्या पलीकडचा सपाट, सखल मुलूख लागतो. त्याला ईस्टर्न शोअर म्हणतात. मका आणि सोयाबीनची शेतं, मधेमधे घुसलेले खाडीचे फाटे, पाण्यापर्यंत उतरलेली झाडं. या भागातल्या टॅल्बट काउंटीचं मुख्य गाव ईस्टन. तिथल्या कोर्टासमोर २०११ पासून फ्रेडरिक डग्लस यांचा पुतळा उभा आहे. गुलामीतून निसटून पुढे गुलामगिरीविरुद्ध अवघ्या अमेरिकेत गाजलेला हा वक्ता आणि लेखक. याच गावाच्या तुरुंगात १८३६ मध्ये, पळून जाण्याचा बेत केला म्हणून, त्यांना डांबलं होतं. मी गेले होते पुतळा बघायला. पण परत येताना गाडीत मनात घोळत होती ती त्याच्या नऊ वर्षं आधीची, याच काउंटीतली एका शेतकऱ्याच्या घरची वाटणी.

त्या शेतकऱ्याचं नाव एरन अँथनी. तो कर्नल एडवर्ड लॉइड या बड्या जमीनदाराचा मुख्य कारभारी होता. लॉइडच्या सगळ्या मुकादमांवर देखरेख करणारा. त्याची स्वतःची टकाहो भागात दोन-तीन शेतं होती आणि तीसेक गुलाम होते. हिशेबाचा पक्का माणूस. त्याच्या वहीत गुलाम बायकांना झालेल्या मुलांच्या नोंदी असत, मुलाचं नाव आणि आईचं नाव. बापाचं नाव लिहायची गरजच नव्हती. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये कायदा केला होता की मूल आईच्या अवस्थेत जन्मतं, आई गुलाम असेल तर मूल गुलाम. पुढे सगळ्या दक्षिणेत तोच रिवाज पडला. म्हणून तिथल्या मृत्युपत्रांत एखाद्या मुलीचं नाव येतं आणि लगेच पुढे येतं, 'आणि तिची पुढची पैदास'. अजून न जन्मलेली लेकरंसुद्धा कुणाच्या तरी नावावर चढलेली असत.

१८२६ च्या नोव्हेंबरात अँथनी मेला. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मग सगळी जिंदगी, म्हणजे मालमत्ता, कोर्टाच्या मार्फत वारसांत वाटायची ठरली. मेरिलंडमध्ये वारसाहक्काची कामं बघणाऱ्या या कोर्टाला 'ऑर्फन्स कोर्ट' म्हणतात, म्हणजे अनाथांचं कोर्ट. आजही तेच नाव आहे. ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचूच शकले नाही. बापामागे पोरक्या झालेल्या वारसांचं हित जपायला ते कोर्ट होतं. त्या कोर्टाच्या हुकमाने किती लेकरं पोरकी झाली असतील याची मोजदाद कुठल्या वहीत होणार?

फ्रेडरिक तेव्हा नऊ-साडेनऊ वर्षांचा होता आणि बॉल्टिमोरला होता. अँथनीच्या मुलीचं, लुक्रेशियाचं लग्न थॉमस ऑल्डशी झालं होतं. थॉमसचा भाऊ ह्यू बॉल्टिमोरला राहत असे. त्याच्या घरी, त्याचा लहान मुलगा टॉमी सांभाळायला, फ्रेडरिकला पाठवलं होतं. शहरात त्याला पोटाला होतं, अंगावर कपडे होते, ह्यूची बायको सोफिया त्याच्याशी मायेने बोलायची. आणि एक दिवस निरोप आला की मुलाला परत पाठवा, वाटणी आहे. जी जी वस्तू मयताच्या नावावर, ती ती मोजणीला हजर पाहिजे. डग्लस यांनी पुढे लिहिलंय की निघताना सोफिया, टॉमी आणि तो, तिघंही हमसून रडले. कुणाच्या वाट्याला जाऊ आणि परत येऊ की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. 'वाइल्ड कॅट' नावाच्या शिडाच्या जहाजातून चोवीस तासांचा प्रवास करून तो जन्मगावाजवळ उतरला.

तिथे सगळे एका रांगेत उभे केले होते. पुरुष, बायका, म्हातारे, पोरं, लग्न झालेले, न झालेले. त्याच रांगेच्या हिशेबात घोडे, मेंढरं, डुकरं. सगळ्यांची सारखीच बारकाईने तपासणी. कोर्टाने नेमलेले पंच प्रत्येकाकडे बघून आकडा सांगत आणि तो कागदावर चढे. किंमत ठरल्यावर वाटणी. त्या दिवसांत आमच्या जिवाची जी घालमेल झाली ती सांगायला माझ्याकडे भाषा नाही, असं डग्लस म्हणतात. हा माणूस भाषेवर जगला. तासन्‌तास सभा जागेवर खिळवून ठेवणारा. त्याने हे लिहावं, याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून घेतलाय.

घालमेलीचं एक मोठं कारण होतं अँड्र्यू, अँथनीचा मुलगा. दारुडा आणि क्रूर. त्याच्या हाती जाणं म्हणजे आज ना उद्या जॉर्जियाच्या व्यापाऱ्यांच्या हाती जाणं, हे सगळे ओळखून होते, कारण आपला हिस्सा तो उडवणारच. वाटणीच्या थोडेच दिवस आधी त्याने फ्रेडरिकच्या भावाला गळ्याला धरून जमिनीवर आपटलं आणि नाकाकानातून रक्त येईपर्यंत त्याच्या डोक्यावर बुटाची टाच मारली. मग फ्रेडरिककडे वळून म्हणाला, तुझाही असाच समाचार घेणार आहे एक दिवस.

फ्रेडरिक लुक्रेशियाच्या हिश्श्यात गेला, म्हणजे तिचा नवरा थॉमस ऑल्डकडे. ऑल्डने त्याला परत बॉल्टिमोरला धाडलं. जेमतेम महिनाभर तो बाहेर होता, त्याला सहा महिने वाटले. त्याची आजी बेट्सी गेली अँड्र्यूच्या वाट्याला. बहीण सारासुद्धा तिकडेच गेली, आणि १८३२ मध्ये ती लांब मिसिसिपीत विकली गेली.

या बेट्सीबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय.

बेट्सी बेली टकाहोच्या खाडीजवळ एका खोपटात राहायची. नवरा आयझॅक स्वतंत्र होता, लाकडं कापायचं काम करायचा. ती स्वतः गुलाम. मुलींची लेकरं तिच्याकडे वाढायला असत, कारण त्यांच्या आया दूरच्या शेतांवर राबत. तिची मुलगी हॅरिएट हिचा फ्रेडरिकही तिच्याजवळच वाढला. मासे धरायची जाळी ती इतकी छान विणायची की आसपासच्या गावांतून तिच्या जाळ्यांना मागणी असे. स्वतः कमरेपर्यंत पाण्यात उभी राहून मासे धरायची. आणि रताळ्यांची रोपं! हिवाळ्यात बेणं कसं जपायचं ते तिला बरोबर कळायचं. तिच्या हाताला यश आहे, असं लोक म्हणत. लावणीच्या दिवसांत शेजारपाजारचे तिला मुद्दाम बोलावून नेत, नुसता हात तरी लाव म्हणत. मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर तिनेच त्याला हाताला धरून, अधूनमधून खांद्यावर घेऊन, बारा मैल चालत लॉइडच्या वाड्यावर नेऊन सोडलं. मालकाचा हुकूम होता. तो इतर मुलांत खेळायला लागल्यावर ती न सांगता निघून गेली.

अशा बाईची किंमत पंचांच्या यादीत किती असेल? तिच्या नावापुढचा आकडा मी मुद्दामच शोधला नाही. पण दक्षिणेतल्या असल्या याद्यांची रीत ठरलेली असे. पंधरा-सोळाच्या मुलापासून किंमत चढायला लागते, वयात आलेल्या मुलीची ती पुढे किती मुलं देईल यावर ठरते, आणि पन्नाशीनंतर आकडा झरझर उतरतो. म्हाताऱ्यांच्या नावापुढे कधी शून्य, कधी शून्याच्याही खाली, म्हणजे ज्याच्या वाट्याला हे माणूस जाईल त्याला ते पोसायचा खर्च म्हणून वरून काही द्यायचं. रताळ्याला लागलेला तिचा हात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता थोडं या वाटणीच्या कारभाराबद्दल. शेतकरी मेला की आधी देणी फेडायची. रोकड नसेल तर माणसं विकून फेडायची, जमिनीला हात लावण्याआधी. बहुतेक ठिकाणी गुलाम जंगम मालमत्तेत मोडत, आणि जंगम आधी विकली जाते. विधवेला साधारण तिसरा हिस्सा, तोही बऱ्याचदा तिच्या हयातीपुरता, तिच्या माघारी पुन्हा वाटणी. जॉर्ज वॉशिंग्टननी आपल्या मृत्युपत्रात स्वतःच्या गुलामांना मुक्त केलं. पण त्यांची बायको मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या जिंदगीतले दीडशेच्या वर गुलाम माउंट व्हर्ननला होते, त्यांना मुक्त करायचा अधिकार ना जॉर्जना होता ना मार्थाला. मधल्या काळात दोन्हीकडच्यांची आपसात लग्नं झालेली, लेकरं झालेली. मार्था १८०२ मध्ये गेल्यावर ते दीडशे लोक तिच्या चार नातवंडांत वाटले गेले. मुक्त झालेला बाप बघत राहिला आणि बायको-पोरं नातवाच्या हिश्श्यातून चालती झाली.

वारस अज्ञान असतील तर ते वयात येईपर्यंत माणसं भाड्याने द्यायची, म्हणजे जिंदगीला उत्पन्न चालू राहतं. भाड्याचा करार वर्षाचा असे आणि तो नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ठरे. दुसऱ्या दिवशी नव्या मालकाकडे चालू लागायचं. आयांना नव्या वर्षाच्या आदल्या रात्री झोप नसे.

आणि हिस्से पाडताना पंच माणसांचे गट करत, प्रत्येक गटाची बेरीज जवळपास सारखी येईल असे. एक तगडा नांगऱ्या, एक म्हातारी, दोन पोरं, असा एक गट. एक स्वयंपाकीण आणि तिचा मोठा मुलगा, असा दुसरा. मग बऱ्याच ठिकाणी चिठ्ठ्या उचलत. जे उणंअधिक राहील ते रोखीने भरून काढत. हे वाचताना मी थबकले, कारण पद्धत थेट आमच्या ओसरीवरची होती. पंचही गावातलेच, जिंदगीत हितसंबंध नसलेले, विश्वासाचे. या वाटण्यांत लबाडी झाली म्हणून घरं फुटली असं म्हणता आलं असतं तर मला वाचणं सोपं गेलं असतं. पण वारसांच्या बाजूने पाहिलं तर काम चोख असे. हिस्से जितके काटेकोर सारखे करायचे, तितकं कुणाच्या तरी लेकराला या गटातून उचलून त्या गटात टाकावं लागे.

हे सगळ्यांत उघड दिसतं ते नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडेंटन गावच्या एका घरात. तिथे जॉन हॉर्निब्लो नावाचा खानावळवाला होता. त्याच्याकडे मॉली नावाची गुलाम बाई होती, हॅरिएट जेकब्स यांची आजी. हॅरिएटनी १८६१ मध्ये नावं बदलून स्वतःची कहाणी छापली, ती खरी त्यांचीच आहे हे संशोधकांनी कागदपत्रांनी सिद्ध करायला विसाव्या शतकातलं ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. त्या लिहितात की मालक मेल्यावर विधवेच्या वाट्याला खानावळ आली आणि मॉली तिच्याचकडे राहिली. मॉलीची लेकरं मालकाच्या मुलांत वाटली. लेकरं पाच, वारस चार. चौघांनी एकेक घेतलं. उरला सगळ्यांत धाकटा, दहा वर्षांचा. चौघांनाही डॉलर आणि सेंटांत सारखाच हिस्सा मिळावा म्हणून तो विकला. सातशे वीस डॉलर आले.

पाचला चारने भाग जात नाही. एवढंच कारण.

मॉली नंतर रात्री सगळी कामं उरकल्यावर बिस्किटं भाजून विकायला लागली. मालकिणीची परवानगी होती, पण सामान स्वतःचं आणि वेळ झोपेतला. उरलेली लेकरं विकत घ्यायची म्हणून पै पै साठवत होती. तीनशे डॉलर जमले तेव्हा मालकिणीने ते उसने मागितले, परत देईन म्हणाली. त्या पैशांतून तिने चांदीचा मेणबत्तीदान घेतला. ती मेली तेव्हा मॉली तिच्या जावयाकडे, जिंदगीचा कारभार बघणाऱ्या डॉक्टरकडे, पैसे मागायला गेली. तो म्हणाला जिंदगीवर कर्ज आहे, आणि गुलामाचं देणं द्यायला कायद्याने बंदी आहे. गुलाम स्वतःच मालमत्ता, त्याची मालमत्ता कशी असेल? मेणबत्तीदान मात्र घरात राहिला. पुढच्या पिढ्यांकडेही तो जाईल, असं हॅरिएट लिहितात.

त्या मेणबत्तीदानापाशी मी पुन्हा पुन्हा जाते. किती रात्री, किती परातींमधली कणीक! एका पोराची किंमत त्यात वितळून गेली, आणि तो दिवाणखान्यात उजळत राहिला.

१८२८ मध्ये मॉलीचाच लिलाव निघाला. मालकिणीने तिला मुक्त करायचं वचन दिलं होतं, सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, पण डॉक्टरने कर्ज फेडायचं निमित्त करून तिला विक्रीला काढलं. गुपचूप विकतो म्हणाले तर तिने नकार दिला आणि भर गर्दीत लिलावाच्या ओट्यावर स्वतः चढून उभी राहिली. पन्नाशीची बाई, सगळ्यांच्या ओळखीची, सगळ्यांनी तिच्या हातचं खाल्लेलं. कुणी बोलीच लावेना. शेवटी मालकिणीच्या म्हाताऱ्या बहिणीने पन्नास डॉलर म्हटलं, त्यावर कुणी चढलं नाही, आणि तिने मॉलीला मुक्त केलं. ईडेंटनच्या त्या गर्दीतल्या माणसांना तोंडावर बोट ठेवण्याइतकी लाज होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. म्हणजे त्यांना कळत होतं.

हॅरिएट स्वतः मॉलीची नात. तिला तिच्या मालकिणीने, म्हणजे मॉलीच्या मालकिणीच्या मुलीने, लिहा-वाचायला शिकवलं, शिवण शिकवलं, आई गेल्यावर सांभाळलं. १८२५ मध्ये ती मालकीण वारली तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरीला मुक्त केलं असणार. मृत्युपत्र उघडलं. तिने हॅरिएटला आपल्या तीन वर्षांच्या भाचीच्या नावावर केलं होतं. बारा वर्षांची मुलगी तीन वर्षांच्या मुलीची झाली, आणि त्या मुलीचा बाप होता तोच डॉक्टर. त्याच्यापासून वाचायला पुढे हॅरिएटला आजीच्या छपराखालच्या कोंदट माळ्यात जवळजवळ सात वर्षं लपून काढावी लागली.

अशा देण्यांत मुलींच्या नावावर माणसं फार. जमीन मुलांकडे राहायची, मुलगी लग्न होऊन जाणार, आणि जमीन काही तिच्यासोबत जात नाही. माणसं चालतात. म्हणून लेकीला स्वयंपाकीण द्यायची, पोरसवदा मोलकरीण द्यायची. मिसिसिपीने १८३९ मध्ये लग्न झालेल्या बायकांना स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायचा हक्क दिला, अमेरिकेतल्या अशा पहिल्यावहिल्या कायद्यांपैकी तो एक. त्या कायद्यात मालमत्ता म्हणून मुख्यतः गुलामांचाच विचार होता. नवऱ्याचे सावकार बायकोच्या माहेरचे गुलाम ओढून नेतात, याची ती सोय. बाईच्या हक्काचा इतिहास शिकताना हे पान मला कुणी दाखवलं नव्हतं.

ईस्टर्न शोअरवरच, टॅल्बटच्या दक्षिणेला डॉर्चेस्टर काउंटी आहे. गुलामीतून पळून पुढे कितीतरी जणांना सोडवून आणणारी हॅरिएट टबमन तिथली. तिची आई रिट. अ‍ॅथाऊ पॅटिसन नावाच्या शेतकऱ्याने मृत्युपत्रात रिट आपल्या नातीच्या नावावर केली, पण एक अट घालून, की रिट आणि तिची पैदास वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंतच राबेल. रिट पंचेचाळीस ओलांडून कधीच पुढे गेली, तिला कुणी सांगितलं नाही. हॅरिएटला लिहा-वाचायला येत नव्हतं. तिने कुठून तरी पाच डॉलर साठवले, एका वकिलाला दिले आणि जुनी मृत्युपत्रं शोधायला सांगितली. त्याने मागची साठ-पासष्ट वर्षं चाळली आणि ती अट सापडली. तोवर हॅरिएटच्या तीन बहिणी दक्षिणेत विकल्या गेल्या होत्या. १८४९ मध्ये मालक एडवर्ड ब्रोडेस मेला, त्याची विधवा कर्ज फेडायला माणसं विकायच्या तयारीला लागली, आणि त्याच शरद ऋतूत हॅरिएट पळाली. मालक मेला की पळापळ होते, हे त्या काळच्या पळून गेलेल्यांच्या जाहिरातींतही दिसतं. धनी जिवंत असेतो निदान आज काय आहे ते माहीत असतं. तो खाटेवर पडला की गुलामांच्या चाळीतला प्रत्येक जण त्याच्या श्वासाकडे कान लावून असे, मग तो माणूस कितीही दुष्ट असो.

उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध झालं, १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, आणि माणसं शोधायला निघाली. काळ्यांच्या चर्चची वर्तमानपत्रं अशा जाहिरातींनी भरून जायची. न्यू ऑर्लिन्सच्या एका पत्रात 'हरवलेले सोयरे' अशा अर्थाचं सदरच होतं. वर्गणीदार नसाल तर पन्नास सेंट पडायचे, आणि पाद्र्यांनी ही पत्रं व्यासपीठावरून वाचून दाखवावीत अशी वर विनंती असे. त्या जाहिराती वाचायला बसलं की एक गोष्ट चटकन लक्षात येते. पत्ता म्हणून मालकांची नावं आहेत. आई अमक्याची होती, तो मेल्यावर वाटणीत मी तमक्या मुलाकडे गेले, बहीण तमक्या जावयाकडे, मग त्याने टेक्सासला नेलं. घर कसं फुटलं हे ज्या क्रमाने फुटलं त्याच क्रमाने लिहिलेलं. चाळीस-चाळीस वर्षांनी.

पुण्यात १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपलं 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ज्यांनी निग्रो लोकांना दास्यातून सोडवायला झीज सोसली. शाळेत असताना मला ती अर्पणपत्रिका म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीची एक ओळ वाटायची. आता ती वाचताना डोळ्यांसमोर तारीख येते. १८७३. जोतीराव पुण्यात ती ओळ लिहीत होते त्या वर्षी तिकडे हजारो माणसं अजून आपली आई शोधत होती.

आज त्यांचे पणतू-खापरपणतू शोधतात. मेरिलंडमध्ये माझ्या ओळखीच्या एक बाई, निवृत्त शिक्षिका, दर बुधवारी दुपारी हेच काम करत बसतात. त्यांनी मला समजावून सांगितलं. १८७० च्या जनगणनेत सगळ्या काळ्या माणसांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली. त्याच्या मागे भिंत. १८५० आणि १८६० च्या मोजणीत गुलामांचे वेगळे तक्ते होते, पण त्यांत मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. बाई, तीस, काळी. मुलगा, चार, काळा. नाव नाही. मग नाव मिळतं कुठे? मृत्युपत्रात, मोजणीच्या यादीत, वाटणीच्या कागदावर. हिस्सा कुणाचा कोणता हे पुढे भांडण नको म्हणून तिथे नावं लिहावीच लागत. त्या बाईंनी मला अशा एका यादीचं चित्र संगणकावर मोठं करून दाखवलं. तपकिरी शाई, तिरकं अक्षर. चार खुर्च्या, एक पिसांची गादी, एक लाल गाय, आणि लगेच खाली एक बाईचं नाव, "आणि मूल". पुढे एक आकडा, दोघांचा मिळून. बाई म्हणाल्या, "बघ, एकत्र किंमत लावलीय. म्हणजे मूल अंगावर पिणारं असणार. म्हणजे ही दोघं निदान त्या दिवशी तरी एका हिश्श्यात गेली." आणि त्यांनी पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं, आपण देवाच्या तसबिरीला लावतो तसं.

मला त्यांच्याशी बोलता आलं नाही. मला आमचे बैल आठवत होते.

फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये पळाले. १८४५ मध्ये त्यांनी आत्मकथा छापली आणि तीत आजीच्या धन्यांवर ठपका ठेवला, की माझ्या म्हाताऱ्या आजीला जंगलातल्या खोपटात एकटं मरायला सोडून दिलं. ते पान फार गाजलं. वाटणीत फुटलेला भाऊ पेरी १८६७ मध्ये टेक्सासहून बायकामुलांसह रॉचेस्टरला त्यांच्या घरी आला, चाळीसेक वर्षांनी. डग्लसनी त्याच्यासाठी आपल्या जागेत छोटं घर बांधलं.

आणि १८७७ च्या जून महिन्यात ते सेंट मायकल्सला गेले, थॉमस ऑल्डला भेटायला. आता ते राजधानीचे मार्शल होते. ऑल्ड ऐंशीच्या घरात, अंथरुणाला खिळलेला, हात लकव्याने थरथरणारे. त्याने "मार्शल डग्लस" म्हणून हाक मारली. हे म्हणाले, तुमच्यासाठी फ्रेडरिकच. दोघंही रडले. पळून जाण्याविषयी ऑल्ड म्हणाला की तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. मग आजीचा विषय निघाला. डग्लस म्हणाले, तेव्हा मला वाटलं होतं वाटणीत ती तुमच्याकडे आली, माझं लिहिण्यात चुकलं. म्हातारा लगेच म्हणाला, ती माझी कधीच नव्हती, वाटणीत माझ्या मेहुण्याला, अँड्र्यूला गेली होती. पण मी तिला इथे आणली आणि मरेपर्यंत सांभाळली.

पन्नास वर्षं झाली होती. मरणाच्या दारात, थरथरत्या हातांनिशी, दोघांमध्ये अजून ती वाटणी होती, कोण कुणाच्या हिश्श्याला गेलं होतं त्याचा खुलासा करायचा होता.

मग डग्लसनी त्याला विचारलं, माझा जन्म कधीचा? आयुष्यभर ही गोष्ट त्यांना डाचत होती. गोऱ्या पोरांना आपला वाढदिवस सांगता यायचा, आपल्याला का नाही, हे लहानपणी पडलेलं कोडं. त्यांनी स्वतः अंदाजाने १८१७ धरलं होतं. ऑल्ड म्हणाला, नक्की नाही सांगता येणार, पण मला वाटतं, फेब्रुवारी १८१८.

फेब्रुवारीतला चौदावा दिवस डग्लसनी आपला वाढदिवस म्हणून स्वतःच धरून घेतला. १८९५ च्या फेब्रुवारीतच ते गेले. एरन अँथनीची वही त्यांनी कधी पाहिली नाही. ती आज मेरिलंडच्या दप्तरखान्यात आहे. तीत लिहिलंय, फ्रेडरिक ऑगस्टस, हॅरिएटचा मुलगा, फेब्रुवारी १८१८.

दिवस तिथेही लिहिलेला नाही.